समक्ष आणि परोक्ष : आभासी सहवासाविषयी काही विचार

‘व्हर्च्युअल’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठीने ‘आभासी’ हा शब्द स्वीकारला आणि एका वादाचा निकाल वाद सुरू होण्यापूर्वीच लावून टाकला. मूळ शब्दाचा रोख निराळा आहे. एखादी गोष्ट नावाने वा रूपाने ‘ती’ नसेल, पण परिणामाने ‘ती’च असेल, तर तिच्यासाठी तो शब्द योजतात. आपल्याकडे ‘आभास’ म्हटले की दोरीवरचा साप आणि शिंपल्यावरची चांदी आठवते. वेदान्ताची शतकानुशतकांची शिकवण त्या एका शब्दात मुरलेली आहे. त्यामुळे ‘आभासी जग प्रत्यक्ष भेटीगाठींची जागा घेऊ शकेल काय?’ हा प्रश्न मराठीत विचारला की उत्तर प्रश्नातच येऊन बसते. आभास तो आभास, तो प्रत्यक्षाची जागा कशी घेणार? अशा फुकट मिळालेल्या उत्तरांपासून समीक्षकाने सावध राहिलेले बरे.

या शब्दाच्या इतिहासात आणखी एक गंमत आहे. ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हा जोडशब्द संगणकाच्या संदर्भात १९८०च्या दशकात रूढ झाला हे खरे. परंतु फ्रेंच रंगकर्मी आन्तोनँ आर्तो याने तो १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगभूमीविषयक ग्रंथात योजला होता, आणि तो रंगभूमीलाच उद्देशून. नट आणि प्रेक्षक एकाच छपराखाली बसल्यावाचून जी कला जन्मालाच येत नाही, तिच्या वर्णनासाठी हा शब्द प्रथम वापरला गेला. म्हणजे आभास आणि समक्षता हे एकमेकांचे शत्रू आहेत, हे गृहीतकही तितकेसे पक्के नाही.

म्हणून या चर्चेसाठी मला आपल्याकडची एक जुनी जोडी अधिक उपयोगाची वाटते : समक्ष आणि परोक्ष. परोक्ष म्हणजे खोटे नव्हे. परोक्ष म्हणजे डोळ्यांआडचे. आता, मराठीत ‘माझ्या अपरोक्ष’ हा प्रयोग ‘माझ्या पाठीमागे’ या नेमक्या उलट अर्थाने सर्रास होतो. शुद्धतावाद्यांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे, मीही वर्गात थोडीबहुत केली. परंतु संगणकाच्या पडद्यावर चौकटीचौकटींतून भरणाऱ्या बैठका पाहिल्यापासून तो गोंधळलेला शब्द मला फारसा खुपत नाही. तेथे माणूस डोळ्यांसमोरही असतो आणि डोळ्यांआडही.

दिल्लीतील मराठी माणसाला हा प्रश्न ग्रंथांतून शिकावा लागला नाही. येथील जुनी मराठी वस्ती पहाडगंज, करोलबाग अशा परिसरांत बऱ्यापैकी एकवटलेली होती. शाळा, गणेशोत्सव, नाटकांच्या तालमी सारे पायी जाण्याच्या अंतरावर असे. पुढे पिढी बदलली, नोकऱ्यांचे स्वरूप बदलले, आणि तीच कुटुंबे द्वारका, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, फरीदाबाद अशी पांगली. मेट्रो २००९ मध्ये नोएडापर्यंत आणि २०१० मध्ये गुडगावपर्यंत पोहोचली. तिने अंतर कमी केले, पण नाहीसे केले नाही. दोन तासांच्या काव्यवाचनासाठी तीन तासांचा प्रवास, जानेवारीतले धुके, नोव्हेंबरातली विषारी हवा. दिल्लीत ‘येऊन जा एकदा’ हे आमंत्रण सदाशिव पेठेतल्या आमंत्रणाइतके सहज नसते.

आमचे एक लहानसे वाचन मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, कोणी कविता वाचायची, कोणी एखाद्या नव्या पुस्तकावर बोलायचे, मग पोहे. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि हे थांबले. अकादमीसारख्या संस्थांनी आपले कार्यक्रम त्या वर्षी पडद्यावर नेले. त्यांचे पाहून आम्हीही नेले. पहिल्याच बैठकीला उपस्थिती दुप्पट झाली. पुण्यास परतलेले जुने सभासद आले, कोणाची न्यू जर्सीतली लेक आली. फरीदाबादच्या एक बाई आल्या. त्यांचे नाव आमच्या यादीत सात-आठ वर्षे होते. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असल्यामुळे त्यांना एकदाही येता आले नव्हते. त्यांनी आपल्या कविता त्या दिवशी प्रथमच दुसऱ्या कोणासमोर वाचल्या, आणि त्या चांगल्या होत्या. आभासी बैठकीविरुद्ध पुढे मी जे काही म्हणणार आहे, ते या बाईंना ध्यानात ठेवून म्हटले पाहिजे. समक्षतेचे गोडवे गाणारे बहुधा असे लोक असतात की ज्यांना घराबाहेर पडता येते.

तरीही त्या बैठकीत एक विचित्र गोष्ट घडली. बाईंची पहिली कविता संपली आणि शांतता पसरली. गोंगाट होऊ नये म्हणून सर्वांनी आपापले माइक बंद ठेवायचे असे ठरले होते. एक-दोघांनी हात हलवले, कोणी पडद्यावर टाळ्यांचे चित्र उमटवले. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझा आवाज येतोय ना?’

त्या दोन वर्षांत मराठीत सर्वाधिक वेळा उच्चारले गेलेले वाक्य बहुधा हेच असावे. वरवर पाहता ती तांत्रिक चौकशी आहे. परंतु नीट ऐकले तर ती दादेची मागणी आहे. ‘दाद’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. तेथे त्याचा अर्थ न्याय. मराठीने तो अर्थ टाकून दिलेला नाही : आपण सरकारदरबारी ‘दाद मागतो’, आणि गवयाला ‘दाद देतो’. ऐकणारा जेव्हा योग्य जागी ‘वा’ म्हणतो, तेव्हा तो कौतुकाबरोबर एक निवाडाही करतो; ही जागा जमली, येथे तुमचे म्हणणे पोहोचले, असे तो सांगतो. तो निवाडा तत्काळ असतो आणि कवी वा गायक पुढचे पाऊल त्यावरच टाकतो. म्हणून दाद ही रचना संपल्यावर द्यावयाची पावती नव्हे. ती रचनेच्या आत शिरते. काव्यवाचनाच्या बैठकीतून तिला वजा केले तर उरते ते काव्याचे निवेदन.

दिल्लीला हे कोणी सांगावे? मुशायऱ्यांचे हे शहर. या शहराविषयीचे एक पुस्तक येथे आठवते. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘दिल्ली की आखिरी शमा’ लिहिले. १८४५ च्या सुमारास, बहादूरशाह जफरच्या अमदानीत भरलेला एक मुशायरा त्यांनी मौलवी करीमुद्दीन यांना निवेदक करून उभा केला आहे. जौक, गालिब, मोमिन सारे तेथे आहेत. ऐतिहासिक धागे त्यांनी घेतले, पण तो मुशायरा तसा भरला नव्हता. तो कल्पनेतला आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती एक आभासी मैफल आहे आणि ती अतिशय यशस्वी आहे. तिच्या यशाचे कारण काय? बेगसाहेबांनी काव्यापेक्षा अधिक कष्ट घेतले आहेत ते काव्याभोवतीच्या गोष्टींवर : कोणाचा अंगरखा कसा, कोण कोणाच्या शेजारी बसला, शमा कोणापुढून कोणापुढे सरकली, कोणाच्या शेरावर कोण उसळला आणि कोण मख्ख बसला. १८५७ नंतर ती दिल्ली उरलेली नाही, हे लेखक जाणतो आणि वाचकही जाणतो. हरवलेल्या समक्षतेचे भान पानापानावर आहे, म्हणून ते पान आपल्याला त्या दालनात नेऊन बसवते.

येथे माझ्या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप येतो, आणि तो मराठी साहित्याच्या घरातूनच येतो. जी. ए. कुलकर्णी. ‘काजळमाया’ला १९७३ चा अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हाही महाराष्ट्रातील फारच थोड्या लोकांनी त्यांना पाहिले होते. धारवाडसारख्या, कन्नड आणि मराठी एकमेकांत मिसळलेल्या गावी इंग्रजी शिकवत ते राहिले; सभासंमेलने त्यांनी टाळली, भेटीस येणाऱ्यांना टाळले. आणि याच माणसाने पत्रांतून असा सहवास निर्माण केला की त्यांच्या निवडक पत्रांचे खंड आज मराठी गद्याचा एक स्वतंत्र ठेवा म्हणून वाचले जातात. सुनीता देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहावा. दोघांच्या भेटी थोड्या, पत्रे उदंड. रोज कट्ट्यावर बसणाऱ्या किती मित्रांमध्ये इतके बोलणे होते? तेव्हा सहवासाला समक्षता लागतेच, असे म्हणणाऱ्याने प्रथम जी. एं.ची वाट ओलांडावी.

हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यातून आभासी बैठकीचे समर्थन निघते काय? माझ्या मते निघत नाही. एक वेगळेच सूत्र हाती लागते. पत्र हे आपण पत्र आहोत हे कधी लपवत नाही. त्याच्या वरच्या कोपऱ्यात गाव आणि तारीख असते : मी येथे आहे, तू तेथे, आणि हे तू वाचशील तेव्हा माझा आजचा दिवस सरलेला असेल. अनुपस्थितीची कबुली हीच पत्राची पहिली ओळ. त्या कबुलीतून पुढची सारी समृद्धी येते. जे समोर दिसत नाही ते शब्दांत उभे करावे लागते, उत्तर यायला आठवडा लागणार म्हणून विचार पुरता करावा लागतो, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा चेहरा स्वतःच घडवावा लागतो. पडद्यावरची बैठक याच्या उलट वागते. ती म्हणते, आपण सारे येथेच आहोत. पण ‘येथे’ म्हणजे कोठे, हे तिला सांगता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे तर त्याला आपण खाली पाहतो आहोत असे दिसते, आणि त्याला आपण त्याच्या डोळ्यांत पाहतो आहोत असे वाटावे म्हणून छायाचित्रकाच्या बारीक भोकाकडे पाहावे तर तो आपल्याला दिसेनासा होतो. दृष्टादृष्ट, म्हणजे जिथून आपल्याकडे भेटीची सुरुवात मानतात ती गोष्ट, तेथे रचनेनेच अशक्य आहे. अनुपस्थिती आहे, पण तिची कबुली नाही. माझा आक्षेप आहे तो या झाकण्यावर. यंत्र वापरण्याला माझी हरकत नाही.

आणि जी. एं.च्या शेजारी अरुण कोलटकरांना ठेवावे. तेही अबोल, प्रसिद्धीपराङ्मुख. त्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता. पण ज्याला त्यांना भेटायचे असेल त्याला ठाऊक असे की गुरुवारी दुपारी मुंबईत काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये जावे; ती जागा बंद झाल्यावर ‘मिलिटरी कॅफे’त. टेबल ठरलेले, वार ठरलेला, येणारा कोण ते मात्र ठरलेले नाही. त्या टेबलावरून रस्त्यावरचे जे जग त्यांना दिसे ते पुढे त्यांच्या इंग्रजी कवितेत उतरले. दोन एकलकोंडे लेखक, एकाने टपाल निवडले, दुसऱ्याने टेबल. दोघांनीही आपल्या माध्यमाच्या मर्यादेशी प्रामाणिकपणा राखला, हे त्यांच्यातले साम्य मला त्यांच्यातील भेदापेक्षा महत्त्वाचे वाटते.

समक्ष आणि परोक्ष यांची सांगड आपल्या परंपरेने फार पूर्वी घातली होती, आणि ती विद्वानांनी घातली नव्हती. जात्यावर पहाटे दोघी समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओवीची सुरुवात करावी, दुसरीने साथ द्यावी. याहून निकटची समक्षता कोणत्या साहित्यप्रकाराला लाभली असेल? आणि ओवी गायली जाते ती कोणाला उद्देशून? दूर असलेल्या आईला, न आलेल्या भावाला, पंढरीच्या विठ्ठलाला. बहुतेक ओवी अनुपस्थितालाच हाक मारते. म्हणजे जात्याशी एक माणूस समोर असते आणि एक परोक्ष असते, व समोरचीच्या साथीमुळे परोक्षाला हाक मारण्याचे बळ येते.

हे जाते कशाने थांबले? आभासी जगाने नव्हे. ते पिठाच्या गिरणीने थांबवले, संगणक खेड्यात येण्याच्या कितीतरी आधी. गिरणीने बाईचे कष्ट वाचवले, त्याचा कोणी शोक करू नये; पण दोघींचे ते समोरासमोर बसणेही त्याबरोबर गेले आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही. ओव्यांची मात्र ठेवली गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. दिल्लीत बसून मुळशीच्या बाईचा आवाज ऐकताना कृतज्ञताच वाटते. पण तो आवाज ऐकताना आपण तिची साथ करीत आहोत असे कोणाच्या मनात येत नाही. संग्रह आपण संग्रह आहोत हे जाणतो. पत्राप्रमाणेच तोही प्रामाणिक आहे.

२०२० साली आषाढीची पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या लोकांसमवेत एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. आषाढी एकादशी त्या वर्षी १ जुलैला होती. घरोघरच्या वारकऱ्यांनी मंदिरातील दर्शन दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर घेतले. या घटनेकडे समीक्षकाने नीट पाहावे. पादुका म्हणजे काय? जे पाऊल आज नाही त्याचे प्रतीक. संतांच्या वतीने त्यांच्या पादुका चालतात, हे परंपरेला शतकांपासून मान्य आहे. त्या बसमधून गेल्या, तरी वारी अखंडित राहिली असे मानले गेले. परोक्षतेशी वारकऱ्याचे भांडण नाही. पण त्या वर्षी आपली वारी झाली, असे घरी बसलेला वारकरी म्हणाला नाही. ‘चुकली’ असेच म्हणाला. संतांच्या ऐवजी पादुका चालतील, वारकऱ्याच्या ऐवजी त्याची प्रतिमा चालणार नाही. कारण वारीत विठ्ठलाइतकीच महत्त्वाची आहे ती वाटेवरची भेट. अनोळखी माणसाच्या पाया पडायचे, त्याने आपल्या पडायचे, आणि उराउरी भेटायचे. ती वतीने होत नाही.

‘अनोळखी’ हा शब्द येथे सहज आला, पण साहित्याच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातील माणसे लेखकाने निवडलेली नाहीत. लग्नघरात राबणारा नारायण हा त्या घरी लग्न होते म्हणून भेटला. रत्नागिरीचा अंतू बर्वा हा लेखकाचे त्या गावी जाणे-येणे होते म्हणून. अंतू बर्व्याची मते, त्याचा खवचटपणा, त्याचे दारिद्र्य यांपैकी कशातही लेखकाची ‘आवड’ जुळण्याचे कारण नव्हते. आभासी जगाची घडण नेमकी याच्या विरुद्ध आहे. तेथे आवडीनुसार समूह बनतात, मत न पटणाऱ्याला एका बोटाने दूर करता येते, आणि आपल्यासारखीच माणसे आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवली जातात. अशा जगात स्नेह जडू शकतो, वादही होऊ शकतो. वल्ली कोठून येणार? वल्लीला सहन करावे लागते, पुष्कळ काळ, आणि उठून जाण्याची सोय नसताना. मराठी व्यक्तिचित्रणाचा मोठा भाग या गैरसोयीवर पोसलेला आहे. गेल्या काही वर्षांतील ललित गद्य वाचताना मला जी एकसुरी गोडी जाणवते, तिचे कारण इतरही असेल. पण लेखकांच्या जगातून न निवडलेली माणसे कमी होत चालली आहेत, हे त्यांपैकी एक आहे असे मला निश्चित वाटते.

समक्षतेची बाजू घेताना तिचे देव्हारे माजवू नयेत. कोणत्याही मोठ्या साहित्यमेळाव्यात गेलेल्या माणसाला ठाऊक असते की एका मंडपात पाच हजार लोक असूनही कोणीच कोणाला भेटलेले नसते. पुढच्या राखीव रांगा, लांबलेली स्वागते, वक्त्याचे घड्याळाकडे न पाहणे आणि श्रोत्याचे सतत पाहणे! तेथेही दाद नसते, टाळ्या असतात. १९५४ मध्ये दिल्लीत सदतिसावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुन्हा दिल्लीत संमेलन यायला एकाहत्तर वर्षे लागली. मधल्या काळात संमेलनाच्या स्वरूपावर जी टीका झाली तिच्यातील बरीचशी रास्त होती. नाशिकचे चौऱ्याण्णवावे संमेलन साथीमुळे मार्च २०२१ वरून डिसेंबरात गेले, आणि अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे तेथे येऊ शकले नाहीत. त्या वेळी झालेल्या वादात मला एक गोष्ट लक्षणीय वाटली. अध्यक्ष काय लिहितात याविषयी जेवढी चर्चा झाली नाही, तेवढी ते आले नाहीत याविषयी झाली. ही आपल्या साहित्यव्यवहारावरची टीकाही आहे, आणि समक्षतेला आपण अजून केवढी किंमत देतो याचा पुरावाही आहे.

अठ्ठ्याण्णवावे संमेलन २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ असे दिल्लीत झाले. उद्घाटन विज्ञान भवनात, पुढचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियमवर. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर आला तेव्हा त्याचा तळ याच परिसरात पडला होता, त्याचे स्मरण अर्थातच अनेकांनी अनेकदा करून दिले. अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या. जात्यावरच्या बाईचे बोलणे हा ज्यांच्या अभ्यासाचा आयुष्यभराचा विषय, त्या. पुण्याहून सुमारे १२०० जणांना घेऊन एक विशेष रेल्वेगाडी निघाली, आणि धावत्या गाडीतही संमेलन भरवले गेले. घरबसल्या सारे पाहता येण्याच्या काळात माणसे दोन रात्री गाडीत का बसतात? भाषणे ऐकण्यासाठी खचित नव्हे. मला भेटलेल्या त्या गाडीतील दोन-तीन जणांना उद्घाटनातले फारसे काही आठवत नव्हते. शेजारच्या बाकावर कोण होते, त्याने कोणत्या कविता किती रात्रीपर्यंत म्हटल्या, आणि त्याला गप्प कसे करावे लागले, ते मात्र तपशिलाने आठवत होते.

पुस्तकांच्या दालनांत दुसऱ्या दिवशी आमच्या वाचन मंडळाची सातआठ माणसे ठरवून जमली. फरीदाबादच्या बाई आल्या. पाच वर्षे आम्ही त्यांना एका लहान चौकटीत, खांद्यापासून वर पाहत आलो होतो. त्या इतक्या उंच असतील असे कोणाच्या मनात आले नव्हते; त्याचे सर्वांना हसू आले, त्यांनाही. एका चालत्या दालनाच्या गर्दीत, खुर्ची नसताना, त्यांनी आम्हाला एक नवी कविता म्हणून दाखवली. मधल्या एका ओळीवर आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ, जे पडद्यावर कधीही काही बोलत नाहीत, ‘अरे!’ असे म्हणाले. बाई थांबल्या, त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली आणि दुसऱ्या वेळी तिच्यातला एक शब्द बदलला. मी पुढे छापील संग्रहात पाहिले, बदललेलाच शब्द राहिला आहे. अर्ध्या तासाने त्या निघाल्या. सासूबाईंजवळ बसवलेल्या मुलीला सहा वाजता जायचे होते.

त्यांच्यासाठी म्हणून आमची बैठक अजूनही एका महिन्याआड पडद्यावरच भरते. एक नियम तेवढा आम्ही बदलला. कविता चालू असताना माइक बंद करायचे नाहीत. त्यामुळे नोएडातला कुत्रा भुंकतो, कोणाच्या घरची दारावरची घंटा वाजते, फरीदाबादहून कुकरची शिट्टी येते. कवी वैतागून थांबतो, कोणी तरी ‘हं, पुन्हा म्हणा’ म्हणते, आणि कविता पहिल्या ओळीपासून सुरू होते.